टिनाच्या घराला फॉइल लावताना: ऊन वरच्या वर, पाणी बाहेरच्या बाहेर

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कवेलूची, म्हणजे कौलारू, घरं गेली ती बरीचशी वानरांपायी. एक टोळी छपरावरून नाचून गेली की शेपन्नास कवेलू फुटले, आणि घर शाकारणारा माणूस आता शोधून सापडत नाही. म्हणून टिनं आली. टिनांनी वानरांचा प्रश्न सोडवला आणि उन्हाचा आणून ठेवला.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दोनला टिनाच्या खोलीत जाऊन बसा. हवा तर गरम असतेच, पण टाळूवर कोणीतरी तापलेला तवा धरून उभं आहे असं वाटतं, ते वेगळं. बाहेर निंबाच्या सावलीत हवा तेवढीच गरम असते, तरी तिथं माणूस टिकतो, कारण तिथं डोक्यावर तवा नसतो. भर उन्हात टिनपत्रा ६०-६५ अंशांपर्यंत सहज तापतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरानं काळा पडलेला असा पत्रा खालच्या माणसाकडे नुसत्या किरणांनी दर चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. दहा बाय बाराची खोली धरली, तर डोक्यावर दोन हजार वॅटची शेगडी दुपारभर चालू.

ही शेगडी झाकायचं काम रेडियंट बॅरियर, म्हणजे उष्णतेचे किरण अडवणारा चकचकीत पडदा, करतो. दुकानात त्याला कोणी रेडियंट बॅरियर म्हणत नाही. फॉइल, बबल शीट, इन्सुलेशन शीट असं काहीही म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी माझी चूक

पहिल्या वेळी मी तालुक्याच्या दुकानातून एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं पांढरं प्लास्टिक असलेलं फॉइल आणलं. वेल्डिंगवाल्या भाऊनं विचारलं, "चमक वरतं ठेवू का खालतं?" मी म्हटलं, वर, ऊन वरून येते ना. त्यानं चमकदार बाजू टिनाला घट्ट चिकटवून दिली. मे महिन्यात फरक शून्य. डिसेंबरात पहाटे त्याच फॉइलच्या सुटलेल्या कोपऱ्यातून पाणी टपकून तुरीचं एक पोतं ओलं झालं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "माल तर एक नंबर आहे, काकाजी." माल खरंच बरा होता. लावला चुकीचा.

फॉइल काम करतं ते दोन कारणांनी. त्याच्यावर पडलेले उष्णतेचे किरण ते परत फिरवतं, आणि स्वतः तापलं तरी खाली फारच कमी किरण सोडतं. स्वच्छ ॲल्युमिनियम आपल्या तापमानाला शक्य असलेल्या किरणांपैकी ३ ते ५ टक्केच बाहेर टाकतं. काळवंडलेला पत्रा ८० टक्क्यांच्या वर. पण दोन्ही कामांसाठी चमकणाऱ्या बाजूसमोर मोकळी हवा लागते. बाजू टिनाला टेकली की उष्णता स्पर्शानंच आरपार जाते, आणि ॲल्युमिनियम तर उष्णतेचं उत्तम वाहक. माझी चमक टिनाला चिकटलेली होती आणि खोलीकडे होतं प्लास्टिक, जे जवळपास काळ्या पत्र्याइतकेच किरण सोडतं.

म्हणजे पैसे फॉइलचे द्यायचे, पण जपायची ती पोकळी. निदान एक इंच, जमलं तर तीन-चार इंच. चमक एकाच बाजूला असेल तर ती खोलीकडे, खाली तोंड करून ठेवा. वर तोंड केलेल्या चमकेवर दोन उन्हाळ्यांत धूळ बसते, आणि जिनिंगजवळ घर असेल तर कापसाची रुईसुद्धा. धुळीचा थर बसला की चमक गेली. खाली तोंड असलेल्या बाजूवर धूळ बसायला जागाच नसते.

छत कोणतं, त्यावर ठरवा

टिनाचं छत असेल तर फॉइलचा फायदा सर्वात जास्त, आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

कवेलू अजून असतील तर नशीबवान आहात. कवेलूखाली फॉइल छान काम करतं, शिवाय गळतीचे थेंब आणि वरून पडणारा कचरा झेलतं. पण कवेलूच्या फटींतून चुलीचा धूर निघून जात होता, हे विसरू नका. खाली फॉइल ताणलं की धूर कोंडतो. आधी धुराडं करा, मग फॉइल.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर परत निघत नाही. फॉइल खालच्या लोखंडी किंवा लाकडी सांगाड्याला बांधा, पत्र्याला हात लावू नका.

स्लॅब असेल तर फॉइलच्या मागं लागू नका. स्लॅबवर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. पैसे कमी, फायदा जास्त. आमच्या शेजारच्या काकाजींनी स्लॅबच्या खालून बबल शीट चिकटवली आहे. शोभा छान येते.

खरं म्हणजे टिनालाही आधी वरून पांढरा रंग द्यावा, मग खालून फॉइल. रंग पत्रा तापूच देत नाही, आणि उरलेलं फॉइल अडवतं. पैसे एकाच कामाचे असतील आणि टिनं चांगली असतील तर मी रंग आधी निवडीन. पण आमच्या वाडीत धूळ आणि पाला इतका पडतो की दोन-तीन वर्षांत रंग पिवळा पडून परत लावावा लागतो. फॉइलची ती कटकट नाही.

दुकानात काय बघायचं

साधारण तीन जातींचा माल मिळतो. पहिला, खताच्या पोत्यासारख्या विणलेल्या प्लास्टिकवर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम. दुसरा, मधे हवेचे फुगे असलेली बबल शीट. तिसरा, पाच-दहा मिलिमीटर फोमवर फॉइल. बसायच्या-झोपायच्या खोलीला पहिला पुरतो, कारण उन्हाचं काम पोकळी करते, जाडी नाही. बबल शीटच्या फुग्यांचा थोडा जास्तीचा उपयोग होतो, पण उंदरांना ती फार आवडते. फोम कुठं लागतो ते ओलीच्या भागात सांगतो.

चौथी जात म्हणजे नकली. प्लास्टिकच्या पन्नीवर धातूचा अतिपातळ मुलामा, कुरकुऱ्यांच्या पाकिटासारखा. ओळखायच्या युक्त्या सोप्या आहेत. तुकडा बल्बसमोर धरा. मुलाम्यातून उजेड झिरपताना दिसतो, खऱ्या फॉइलमधून टाचणीएवढी भोकं सोडली तर काहीच दिसत नाही. मग घडी घालून नखानं दाबा. खरं फॉइल घडी धरून ठेवतं, पन्नी हळूहळू उघडते. जाड विणीमुळे घडी नीट कळत नसेल तर कडेचा थर सुटा करून बघा. चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. चमक पट्टीवर आली तर माल ठेवून द्या.

एक फसवणूक जास्त हुशार असते. फॉइल खरं, पण त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा जाड थर. डोळ्याला तेवढीच चमक दिसते, पण उष्णतेचे किरण प्लास्टिकच शोषून घेतं. नखानं खरवडून बघा, वर जाडसर प्लास्टिक हाताला लागलं तर नको.

सगळ्यात चांगली परीक्षा मात्र स्वैपाकघरात होते. नमुन्याचा तुकडा घरी आणा. तवा चांगला तापवा, सांडशीनं धरून उभा करा आणि गाल एका वितीवर न्या. झळ लागेल. आता मधे तुकडा धरा, तव्याला न टेकवता. खऱ्या फॉइलनं झळ एकदम तुटते, दार लावल्यासारखी. चमकेवर प्लास्टिकचा थर असेल तर कमी होते, पण तुटत नाही. तव्याला मात्र टेकवू नका, प्लास्टिक वितळून तव्याला बसेल आणि घरात दोन दिवस बोलणी खावी लागतील.

"९७ टक्के उष्णता कमी" असं रोलवर लिहिलेलं असतं. ते किरणांच्या उष्णतेबद्दल आहे, खोलीच्या तापमानाबद्दल नाही. बाहेर हवा ४५ असेल तर नुसत्या फॉइलनं खोली ३५ होणार नाही. होतं ते असं की डोक्यावरची शेगडी बंद होते आणि कूलरला खरं काम करता येतं.

काही दुकानदार इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक फॉइलवर रोखून "बघा, फक्त ३२ अंश" असं दाखवतात. चकचकीत धातूवर ती बंदूक खोटं सांगते. फॉइल स्वतः फारसे किरण सोडत नाही, म्हणून तिला आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखायला सांगा.

भाव कोणी चौरस मीटरचा सांगतो, कोणी चौरस फुटाचा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, भागून घ्या. मोजमाप करताना जोड धरा. समजा एका उताराचं छत २० फूट लांब आणि उताराच्या दिशेनं १६ फूट आहे. रोल चार फुटी असेल तर सहा इंचांचा जोड जाऊन कामाचे साडेतीन फूट. २० भागिले साडेतीन म्हणजे सहा पट्टे. प्रत्येकी १६ फूट आणि दोन्ही टोकांना मिळून एक फूट जास्त, म्हणजे १७. सहा सतरे १०२ फूट, गुणिले चार, ४०८ चौरस फूट. छत ३२० चं आणि माल ४०८ चा. ही वाढ न धरल्यामुळेच शेवटचा पट्टा कमी पडतो आणि मग तिथं सिमेंटची पोती लागतात.

ओल: पाणी येतं कुठून ते आधी ओळखा

फॉइल लावल्यावर ओल वाढली अशी तक्रार बरेच जण करतात. ओल तीन वाटांनी येते आणि तिन्हींचा इलाज वेगळा. भिंतीच्या पायथ्याशी चढणारी ओल जमिनीतून येते. तिचा फॉइलशी काही संबंध नाही. खिळ्याच्या, हुकाच्या भोकातून येणारी गळती पावसातच दिसते. ती फॉइल लावायच्या आधी, रबरी वायसर बदलून बंद करायची. फॉइलखाली झाकलेली गळती पुढची पाच वर्षं टीन सडवत बसते.

तिसरी वाट म्हणजे टिनाला येणारा घाम. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री टीन आपली उष्णता आभाळाकडे सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं. खाली खोलीत चार माणसांचा श्वास, रात्रीच्या भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर १६ अंशांच्या खालच्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमतं. पहाटे टीन त्याच्या बरंच खाली गेलेलं असतं. अंगणात गवतावर दव पडतं, तेच घरात टिनाच्या पोटाला पडतं. माझ्या तुरीचं पोतं भिजवलं ते हेच पाणी.

म्हणून ओलीसाठी निवड अशी. टिनाखाली, उताराला धरून लावायचं असेल तर बिनछिद्रांचं फॉइल घ्या. टिनाचा घाम त्याच्यावर पडतो आणि उतारानं वळचणीकडे वाहून जातो. छिद्रांचं फॉइलही मिळतं. वाफ आरपार जाऊ द्यायला ते चांगलं, पण टिनाखाली वापरलं तर वाफ वर जाऊन टिनाला लागते आणि थेंब छिद्रांतून खाली येतात. छिद्रांच्या फॉइलची जागा म्हणजे जुन्या माडीच्या घरात आडव्या लाकडी तक्तपोशीवर अंथरायचं असेल तेव्हा. तिथं बिनछिद्रांचं टाकलं तर खालची वाफ लाकडात कोंडून लाकूड कुजतं.

स्वैपाकघर, न्हाणीजवळची खोली किंवा धान्याची खोली असेल तर फोमवालं घ्या. साधं फॉइलही पहाटे थंड होऊन खालून घामेजतं. फोममुळे त्याची खालची बाजू उबदार राहते. आणि हे एकच फॉइल असं आहे की जागा नसेल तर सरळ टिनाला चिकटवलं तरी चालतं, चमक खाली ठेवून. पण चूल पेटते तिथं नको. फोम आणि बबल दोन्ही पेट घेतात, आणि ज्या खोलीत वेचणीचा कापूस भरून ठेवता त्या खोलीत तर ठिणगीचा विचार आधी करा.

कूलरबद्दल एक. कूलर दिवसभर पाण्याची वाफ खोलीत ओततो. उन्हाळ्यात टीन तापलेलं असतं म्हणून ती वाफ छताला जमत नाही, पण खोलीतून बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. जुलैत पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

लावायची पद्धत

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी सहा ते नऊ. उन्हात फॉइल उलगडलं की डोळे दिपतात; काळा चष्मा लावा, शिडीवर हे गमतीचं नाही.

सगळ्यात आधी वीज. ॲल्युमिनियममधून करंट वाहतो. टिनाखालून गेलेली जुनी, साल निघालेली वायर आणि त्यावर ठोकलेली लोखंडी पिन, एवढं पुरतं. मग सगळं छत जिवंत. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये घरोघरी इन्सुलेशन बसवायच्या सरकारी योजनेत फॉइल लावताना कामगार विजेच्या धक्क्यानं दगावले, आणि तिथं आधी धातूच्या पिना आणि मग फॉइलच बंद करावं लागलं. म्हणून मेन स्विच बंद. सगळी वायरिंग फॉइलच्या खाली, भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. हे जमणार नसेल तर या वर्षी फॉइल लावू नका, पांढरा रंग लावा.

टिनं नव्यानं टाकताय तर फॉइल अँगलवर, म्हणजे टिनाखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर, अंथरून वरून टिनं ठोकता येतात. दोन अँगलच्या मधे ते इंच-दीड इंच लोंबतं ठेवा, तीच पोकळी. पण उतार बघा. चार फुटांत आठ इंच उतार असेल तर लोंबलेल्या झोळीतून पाणी पुढं निघून जातं. चार फुटांत दोन-तीनच इंच असेल तर प्रत्येक झोळीत पाणी साचतं आणि डासांची सोय होते. सपाट छपराला फॉइल खालूनच, ताणून लावा.

जुन्या छताला तर खालूनच. अँगलच्या खालच्या कडेला फॉइल लावलं की अँगलच्या उंचीएवढी पोकळी आपोआप मिळते. पट्टे आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध न्या म्हणजे आडवा जोड येत नाही. बाजूचा जोड सहा इंच, त्यावर ॲल्युमिनियम टेप. टेप लावायच्या आधी फडक्यानं धूळ पुसा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात सुटते. फॉइल नुसतं स्क्रूनं धरू नका, भोकाशी फाटतं. खालून बांबूच्या कामट्या किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावून त्यातून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारा. आमच्याकडे कामट्या स्वस्त आणि सहज, दर दोन फुटांवर एक आडवी. झोळ पडत नाही आणि खोलीलाही रूप येतं.

नवीन चुन्याच्या किंवा ओल्या सिमेंटच्या भिंतीला फॉइल टेकू देऊ नका. ओला चुना ॲल्युमिनियम खातो. काही महिन्यांत कडेला पांढरी भुकटी दिसू लागते. दोन बोटं अंतर सोडा.

शेवटी पोकळीला वारा द्या. वळचणीकडे फॉइल पन्हाळीपर्यंत नेऊन पाणी बाहेर पडेल असं सोडा आणि टीन-फॉइलमधली फट बंद करू नका. आढ्याकडेही दोन इंच मोकळे. तापलेली हवा वरून निघते, खालून ताजी येते, हिवाळ्यात ओल वाळते. दोन्ही तोंडांना बारीक जाळी ठोका, नाहीतर चिमण्या, गांधीलमाश्या आणि उंदीर पहिल्याच महिन्यात राहायला येतात. जाळीशिवाय सोडलेल्या एका तोंडातून आमच्या फॉइलवर खारीनं पिल्लं घातली होती. महिनाभर वरून खुडखुड ऐकत झोपलो, काढवेना.

फॉइलमुळे रात्री खोली थोडी उशिरा थंडावते, हे धरून चला. नुसतं टीन जसं पटकन तापतं तसं पटकन निवतंही. उन्हाळ्यात बाज अंगणात टाकत असाल तर काही बिघडत नाही. आत झोपणार असाल तर संध्याकाळी दारं-खिडक्या सताड उघडा.

काम झाल्यावर मे महिन्यात एका दुपारी फॉइलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून बंदूक रोखा, मग शेजारच्या फॉइल नसलेल्या खोलीच्या पत्र्यावर रोखा. गंजलेला, काळवंडलेला पत्रा बंदुकीला खरं सांगतो. नवा कोरा असेल तर त्यालाही टेप लावा. आमच्याकडे बंदूक नव्हती. आईनं दुपारी आत येऊन डोक्यावरचा ओला पंचा काढून दांडीवर टाकला, त्यावरून कळलं. आणि डिसेंबरात पहाटे वळचणीखाली जमिनीवर ओळीनं ओले ठिपके दिसतात का ते बघा. ते बाहेर दिसले म्हणजे घाम जायचा तिथून जातो आहे. आत दिसले तर कोणत्या जोडावर टेप सुटली ते शोधायला त्याच सकाळी शिडी लावा, दहा वाजेपर्यंत खूण वाळून जाते.